होंडाशी सोयरीक

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, कुंपणापाशी. ओरडून सांगण्यासारखं नाही. तुम्ही काल दादरला गेला होतात ना, तिथेच चुकलं तुमचं. समोरच्या काकांकडे काय रंगलं होतं दुपारी! भंगारवाला आला होता, टेम्पो घेऊन. त्यांच्या धाकट्या मुलानेच बोलावला होता. कशासाठी म्हणून काय विचारता, त्या कायनेटिक होंडासाठी! विहिरीच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असते बघा, तीच. धाकट्याचं म्हणणं, जागा अडते, माझी कार कुठे लावू. भंगारवाल्याने ताडपत्री वर केली, दोनदा हँडल हलवलं आणि भाव बोलला. काय बोलला ते मी नाही सांगत, पण काकांचा चेहरा असा उतरला ना... तेवढ्यात काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत, अगदी शांतपणे. म्हणाल्या, "गाडी कोणाच्या नावावर आहे?"

झालं! सगळे गप्प. आरसी बुकावर नाव काकूंचं. पुढे होऊन दाखवलंच त्यांनी पुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. नंबर एमएच झिरो फोर. हो ना, तेव्हा आपली वसई ठाणे जिल्ह्यातच की. आपला 48 नंबर तर नंतरचा, आणि पालघर जिल्हा व्हायला 2014 चा ऑगस्ट उजाडला. धाकटी सून दारात उभी राहून ओठ दाबत होती. हसू आवरत होती की राग, मला काही कळलं नाही बाई.

भंगारवाला रिकाम्या टेम्पोने परत गेला.

पण मला सांगा, काकूंचं काय चुकलं? तुम्हाला आठवत असेल ते चेतकचं युग. आधी नंबर लावा, मग वाट बघा. मुलगी झाली की नंबर लावायचा आणि तिच्या लग्नात स्कूटर मिळायची, असं लोक म्हणायचे. आणि मिळाली तरी काय, सकाळी सुरू करायची म्हणजे पुरुषाचं काम. आमचे हे आधी तिला एका अंगावर वाकडी करायचे, मग सरळ, मग चोक ओढायचा, मग किक... किक... किक... प्लग काढ, पुसून लाव, परत किक. आठ सतराची लोकल तोवर नालासोपाऱ्याला पोचलेली. गिअर हँडलवर, क्लच हँडलवर, साडीवाल्या बाईने ते कसं करायचं ते करणाऱ्यांनाच ठाऊक. आपण आपल्या मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून.

आणि त्यात ही कायनेटिक आली. बटण दाबलं की सुरू! गिअर नाही, क्लच नाही. डाव्या हाताला मागचा ब्रेक, उजव्या हाताला पुढचा, सायकलसारखं. ऑइलसुद्धा वेगळ्या टाकीत, पंपावर उभं राहून मिसळून घ्यायची कटकट नाही. काकू तेव्हा शाळेत नोकरीला होत्या. गिरीजवरून पारनाक्यापर्यंत पहिल्यांदा एकट्या चालवत गेल्या ना, तर होळीच्या नाक्यावर भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. हे काकू स्वतः सांगतात, तेव्हा थोडं मीठमसाला धरा. पण अगदीच खोटं नसेल.

तर काय सांगत होते... हां, सोयरीक. कायनेटिक आणि होंडा. कायनेटिक म्हणजे आपले पुण्याचे फिरोदिया. मूळचे नगरचे, आताचं अहिल्यानगर. थोरले नवलमल, धाकटे हस्तीमल. बजाजांशी घरोबा होता, धंदाही बरोबर, मग साठच्या दशकाच्या शेवटी वाटण्या झाल्या. बजाजांकडे स्कूटर, फिरोदियांकडे टेम्पो. त्या वाटण्यांचं कवित्व पुढे किती वर्षं चाललं! असो, मोठ्यांची प्रकरणं. हस्तीमल म्हणजे एच. के. यांनी मग काढली लूना, 1972 साली. पन्नास सीसीची, पायडल मारायची. तुमच्या सासऱ्यांकडे होती की, निळी. दुधाच्या किटल्या लावून चालवलेली मी बघितली आहे.

मग आलं 1984. सरकारने दुचाकीवाल्यांना परदेशी सोयरिकींची परवानगी दिली होतीच, आणि काय लगीनघाई! टीव्हीएसवाले सुझुकीशी, एस्कॉर्ट्स यामाहाशी, बजाज कावासाकीशी. आणि होंडा? होंडाने एकाच वर्षात दोन घरं केली! एक पुण्याच्या फिरोदियांशी, एक लुधियानाच्या मुंजालांशी. आता यातली आतली गोष्ट ऐका. म्हणतात की निवड आधी फिरोदियांना होती, स्कूटर घ्या नाहीतर मोटारसायकल. त्यांनी घेतली स्कूटर. तेव्हा कोणीही तेच केलं असतं हो, देशात स्कूटरचीच चलती होती. मोटारसायकल कोणाची, तर दूधवाल्याची आणि फौजदाराची. उरलं ते मुंजालांच्या पदरात पडलं, त्याची झाली हिरो होंडा. 1985 ला त्यांची सीडी 100 आली, पुढे 1994 ला स्प्लेंडर. पेट्रोल प्यायची नाही, कुरकुरायची नाही. नव्वदच्या दशकात वारं असं फिरलं की पोरांना स्कूटर नकोच झाली. ज्यांच्या पदरात उरलेलं पडलं ते जगात एक नंबरला जाऊन बसले, आणि ज्यांनी आधी निवडलं ते... काय बोलायचं. नशीब म्हणतात ते हेच.

स्कूटर बनायची मध्य प्रदेशात, इंदूरजवळ पिथमपूरला. आणि गाडी म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती, एक सोडून. ॲव्हरेज! टू-स्ट्रोक इंजिन, वर पट्ट्यावर चालणारी, पेट्रोल पिणारच. काका दर महिन्याला वहीत लिहायचे, किती लिटर, किती किलोमीटर. लिहून झालं की सुस्कारा. काकू म्हणायच्या, "तुमच्या सिगरेटचं लिहा एकदा." त्यानंतर वही कुठे गेली कोण जाणे.

हे होंडावाले म्हणजे कोण, माहीत आहे ना? सोइचिरो होंडा. लोहाराचा मुलगा, वडील सायकली दुरुस्त करायचे, आई मागावर कापड विणायची. हामामात्सूच्या बाजूचे. ते हामामात्सू म्हणजे भलतंच गाव दिसतंय, सुझुकीही तिथलाच, यामाहाही तिथलाच. तर युद्ध संपलं, जपान बेचिराख, गाड्यांत मुंगी शिरायला जागा नाही. आपली विरार फास्टच समजा. या माणसाला 1946 मध्ये कुठून तरी सैन्याच्या वायरलेस सेटची छोटी इंजिनं मिळाली, पडून राहिलेली. त्याने ती सायकलला बसवली. पेट्रोलची टाकी कसली लावली, सांगा? शेकायची पिशवी असते ना, गरम पाण्याची, तसला जपानी डबा! आणि चालवून बघायला कोणाला बसवलं? बायकोला. साची नाव तिचं. ती पुढे सांगायची, बायकांना चालवता येते का तेच ह्यांना बघायचं होतं.

आता पुढचं ऐका, मला हे फार आवडतं. ती बिचारी चांगलीचुंगली सुरवार घालून निघाली, त्यांच्याकडे मोम्पे म्हणतात. गर्दीच्या रस्त्याने फिरून घरी आली आणि बघते तर सुरवारीवर तेलाचे डाग! कार्बोरेटर तेल उडवत होता. आली तशी नवऱ्याला म्हणाली, हे चालायचं नाही, गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या देईल. एरवी खेकसणारा माणूस, पण त्या वेळी मुकाट्याने 'असेल बुवा' म्हणाला, आणि गाडी विकायला काढली तेव्हा ते तेल उडणं बंद केलेलं होतं. म्हणजे बघा, होंडाच्या गाडीची पहिली तक्रार बायकोने केली, आणि ती ऐकली गेली. आमच्याकडे मी गेली कित्येक वर्षं गिझरबद्दल सांगतेय...

जाऊ दे. 1948 ला रीतसर कंपनी झाली. पुढल्या वर्षी फुजिसावा नावाचे एक गृहस्थ आले, त्यांनी पैसा बघायचा आणि यांनी यंत्र. होंडांनी म्हणे कंपनीचा शिक्कासुद्धा त्यांच्याकडे देऊन टाकला. एवढा विश्वास आपल्याकडे सख्ख्या भावाभावांत नसतो. 1958 ला त्या दोघांनी काढली सुपर कब. फुजिसावांची अट काय, तर शेवया पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताट धरून दुसऱ्या हाताने चालवता आली पाहिजे. म्हणून क्लचची मूठच काढून टाकली. आणि बायकांना बसायला मधली जागा मोकळी. 2017 पर्यंत दहा कोटी कब निघाल्या जगभरात. आपल्या काकूंच्या स्कूटरचं मूळ तिथे आहे बघा, एका हाताच्या त्या शेवयावाल्यात.

आणखी एक. दोघांनी ठरवलं होतं, आपली मुलं कंपनीत आणायची नाहीत. नाही म्हणजे नाही. 1973 ला दोघे एकदमच निवृत्त झाले. होंडांना तर म्हणे पुढे पस्तावा व्हायचा की कंपनीला आपलं आडनाव कशाला दिलं. आणि तोच तिकडे त्याच गावातला सुझुकी बघा, घरजावई आणून पिढ्यान्‌पिढ्या कारभार! जावई बायकोचं आडनाव लावतो. ओसामू सुझुकी, आपल्या मारुतीवाले, गेले ना 2024 च्या नाताळात, ते मूळचे मात्सुदा. आमच्या ह्यांना मी सांगितलं तर हे म्हणाले, "पगार काय देतात?"

तर काय सांगत होते... होंडाच्या सोयरिकी. फिरोदियांशी चौदा वर्षं टिकली. 1998 ला होंडा आपला वाटा फिरोदियांनाच विकून बाजूला झाली. चला, संपलं, असं आपल्याला वाटलं. पण लगेच पुढच्या वर्षी होंडाने इथेच स्वतःची स्वतंत्र चूल मांडली, हरियाणात मानेसरला. मुंजालांचे चेहरे कसे झाले असतील? घरात बाई नांदतेय आणि शेजारी तिनेच वेगळं घर घेतलंय! बोलणं असं झालं होतं म्हणे की तिकडे आधी स्कूटरच काढायच्या, मोटारसायकलला हात लावायचा नाही. तो हात 2004 ला लागला, युनिकॉर्न काढली. आणि 2010 च्या डिसेंबरात हिरो आणि होंडाचीही फारकत जाहीर झाली. सव्वीस वर्षांचा संसार. भांडण नाही, तमाशा नाही. जपानी लोक ना, वाकून नमस्कार करून निघतात.

आणि त्या स्वतंत्र चुलीवरची पहिली भाकर कोणती? ॲक्टिवा! 2001. काकूंच्या स्कूटरचीच धाकटी बहीण म्हणा ना. बटण, पट्टा, गिअर नाही, सगळं तेच, फक्त इंजिन फोर-स्ट्रोक, 102 सीसीचं. म्हणजे काकांची वही बंद. अंगाला पत्रा. स्कूटर मेली म्हणून सगळे रडत बसले होते ना, तर याच ॲक्टिवाने पुढे 2016-17 साली स्प्लेंडरलाही मागे टाकलं. 2023 ला तीन कोटींचा आकडा गाठला. आपल्या गल्लीतच मोजा. सामवेदी बायका फुलं-भाजीच्या पाट्या घेऊन स्टेशनला जातात, त्यातल्या निम्म्या ॲक्टिवावर. अर्नाळ्याची कोळीण मासे घेऊन येते ती ॲक्टिवा. फादर येतात घर आशीर्वादायला, तेही ॲक्टिवावर. पाय ठेवायच्या जागी गॅसचा सिलिंडर, दोन नारळाची पोती, नाहीतर नातू उभा.

तक्रारी नाहीत असं नाही हं. पेट्रोल भरायचं म्हणजे सीट उघडायची, पंपावर सगळ्यांनी उतरा, पिशव्या उतरवा. अंबाडी रोडच्या पंपावर मागे रांग, आणि एक बाई डिकीतून वांगी बाहेर काढतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते झाकण बाहेर यायला 2020 उजाडलं. सहावी आवृत्ती आली तेव्हा. तोवर पुढच्या चाकाचं सस्पेन्शनही जुन्याच धर्तीचं, खड्ड्यात आपटायचं. आणि वसई-विरारचे खड्डे! त्याबद्दल मी काही बोलणार नाही, आपले नगरसेवक शेवटी आपल्याच ओळखीचे.

पण खरा शत्रू कंपनी नाही, हवा. आपली खारी हवा. भुईगाव, कळंब, रानगावच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा. गाडीचं इंजिन ठणठणीत आणि पाय ठेवायचा पत्रा खालून चाळणी. बी विंगच्या वहिनींच्या गाडीचं तेच झालं. मॅट उचललं तर रस्ता दिसला! मेकॅनिक म्हणाला, "ताई, इंजिन अजून दहा वर्षं जाईल, गाडी नाही जाणार." वहिनींना हसावं की रडावं कळेना. आमच्या वालीवचे एक ओळखीचे आहेत, ते दर मे महिन्यात खालून जाड रंग मारून घेतात, वीस वर्षं तीच गाडी. तेवढंच पुरतं, पण करतं कोण.

आणि 2018 चा जुलै आठवतो ना? नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या बंद, आपल्याकडे दिवे नाहीत, दूध नाही. तेव्हा आमच्या खालच्या सगळ्या स्कूटर सीटपर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर मंडळींनी काय केलं? लगेच स्टार्टर! बटण आहे ना, दाबा. पाणी एअर फिल्टरमधून आत गेलेलं, पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी दबत नाही, मग आतला दांडाच वाकतो. ज्यांनी दाबली त्यांची इंजिनं उघडली. काकूंनी काय केलं माहितीये? कायनेटिकला हातसुद्धा लावला नाही. प्लग काढून ठेवला, दोन दिवस तशीच वाळवली, मग मेकॅनिकला बोलावलं. सुरू झाली! काका गच्चीतून टाळ्या वाजवत होते. फक्त नुसतीच रेस घ्यायची, जागची हलायची नाही. पट्टा ओला ना, घसरायचा. पट्ट्याचं झाकण उघडून पुसलं, तर निघाली. त्याच दिवशी धाकट्याची मोठी मोटारसायकल मात्र टेम्पोत घालून न्यावी लागली. कालचा राग तो आहे की काय, कोण जाणे!

बरं, आता सगळ्यात गंमत. काल भंगारवाला गेल्यावर धाकटी सून काकूंना मोबाईल दाखवत होती. मी आपली तुळशीला पाणी घालत होते, ऐकू आलं. म्हणे 2025 च्या जुलैत कायनेटिक परत आलीय! तेच डीएक्स नाव, तीच चौकोनी ठेवण, पण विजेवर. एच. केंच्या पोराचं, अरुण फिरोदियांचं घर. त्यांचा मुलगा अजिंक्य, त्याने काढली. आणि मुलगी सुलज्जा, तिने आदल्या वर्षी विजेची लूना काढली होती. आजोबांची लूना नातीने उचलली, वडिलांची कायनेटिक मुलाने. मुलं धंद्यात आणायची नाहीत म्हणणारा होंडा तिकडे, आणि इकडे मुलांनीच घर सावरलं. होंडाचीही विजेची ॲक्टिवा आलीच की, तिची बॅटरी म्हणे बदलून मिळते. म्हणजे मोडलेल्या सोयरिकीतली दोन्ही घरं आता समोरासमोर दुकान मांडून बसली आहेत.

होंडा अजून सुधारली नाही मात्र. 2024 च्या डिसेंबरात निसानशी बोलणी केली, सगळ्या जगाला पेढे वाटले, आणि फेब्रुवारीत मोडलं. का, तर होंडा म्हणाली, तुम्ही आमच्या हाताखाली नांदा. निसानवाले कशाला ऐकताहेत! मी तर म्हणते, होंडाची गाडी डोळे मिटून घ्यावी, पण होंडाला पोरगी देताना शंभरदा विचार करावा.

काकूंनी सुनेला काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. ट्रेन गेली ना मध्येच, धडधडत. पण संध्याकाळी बघते तर सून ताडपत्री काढून कायनेटिक पुसत होती, आणि धाकटा कार कुंपणाबाहेर लावून गप्प उभा होता. चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

आणि अहो, जाता जाता, तुमच्या ॲक्टिवाचं सांगायचं राहिलं. परवा तुमची लेक गेली ना फाटकातून, रेस जास्त आणि वेग कमी, पुढे मागे झटके. तो पट्टा नाहीतर रोलर झिजलेत. पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आलाय. मेकॅनिककडे जाऊन नुसतं "सर्व्हिसिंग कर" म्हणू नका, तो ऑइल बदलून पाणी मारून देईल. पट्ट्याचं झाकण उघडायला सांगा, आणि तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा.